धंदा बंद झाला, कंपनी कुठे बंद झाली?

पत्र: "आम्ही कराडजवळच्या गावातले तिघे मित्र. पाकिटातून गूळ पावडर विकायची म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. कंपनी असली की बँका आणि मोठे दुकानदार उभं करतात, असं एजंट म्हणाला. भांडवल एक लाख. त्या हंगामात पुण्यातल्या दोन दुकानांना माल दिला, मार्च-एप्रिलपर्यंत कसंबसं चाललं, मग बंद. एक मित्र पुण्यात नोकरीला लागला, दुसरा सासरच्यांच्या पोल्ट्रीत. कंपनीचं आम्ही काहीच भरलेलं नाही. धंदाच नाही तर भरायचं काय? आता पुण्याच्या मित्राला एका स्टार्टअपमध्ये संचालक म्हणून घेतायत, आणि तिथल्या सीएसनं (कंपनी सेक्रेटरीनं) त्याला आमच्या कंपनीबद्दल विचारलं. तो घाबरून राजीनामा देतो म्हणतोय. दुसरा एक एजंट भेटलाय. पंधरा हजारांत कंपनी बंद करून देतो, कंपनीनं कधी धंदाच केला नाही असं लिहून देऊ, म्हणतो. करू का? आणि मला या हंगामात एकट्यानं गूळ विकायचाय. विकू की हे मिटेपर्यंत थांबू?" (एक वाचक, ता. कराड)

नमस्कार,

आधी त्या पंधरा हजारांचं बोलू. अजिबात करू नका.

कंपनी बंद करण्याचा अर्ज एसटीके-२ या फॉर्मवर होतो आणि त्याची सरकारी फीच १०,००० रुपये आहे. उरलेल्या पाच हजारांत तो माणूस मागच्या वर्षाचं ऑडिट, सीएचं प्रमाणपत्र, स्टॅम्प पेपर, नोटरी आणि थकलेल्या फॉर्मचा दंड कसा बसवणार? बसत नाही. म्हणूनच "धंदा केलाच नाही" ही गोष्ट त्याला हवी आहे. आणि ही गोष्ट तो स्वतःच्या सहीनं सांगणार नाही. अर्जासोबत प्रत्येक संचालकाचं प्रतिज्ञापत्र लागतं, हमीपत्र लागतं. त्यावर सह्या तुम्हा तिघांच्या. एजंटाचं नाव त्या कागदांत कुठेही नसतं. इकडे पुण्याच्या दोन दुकानांकडे तुमची बिलं आहेत, बँकेत त्यांचे पैसे जमा झालेत. खोट्या माहितीवर कंपनी बंद करून घेणं ही कंपनी कायद्यात फसवणूक धरली जाते आणि त्यात कैदेची तरतूद आहे. कंपनीचं नाव काढून टाकल्यावरही संचालकांची जबाबदारी संपत नाही. तुमचं प्रकरण सरळ मार्गानं सुटणारं आहे, त्याला उगाच वाकडं करू नका.

आता "धंदाच नाही तर भरायचं काय" हा तुमचा प्रश्न. तुमच्यासारखी पत्रं लिहिणारे जवळजवळ सगळे हेच विचारतात, आणि त्यांचा राग मला कळतो. पण प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कायद्याच्या लेखी तुम्हा तिघांहून वेगळी व्यक्ती आहे. ती नोंदली गेली त्या दिवसापासून नाव कमी होईपर्यंत तिचं ऑडिट, तिची वार्षिक सभा, तिची विवरणपत्रं सुरूच राहतात. विक्री शून्य असली तरी ऑडिट लागतं. घराला कुलूप लावून मुंबईला गेलात तरी महावितरणच्या बिलात स्थिर आकार येतोच, तसं हे. आणि हे सांगायचं काम एजंटाचं होतं, असं कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या निबंधकांपुढे म्हणून चालत नाही.

तुमच्या कंपनीचा हिशेब मांडू. ऑगस्ट २०२३ मध्ये नोंदलेल्या कंपनीचं पहिलं आर्थिक वर्ष ३१ मार्च २०२४ ला संपलं. पहिली वार्षिक सभा त्यापुढच्या नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत व्हायला हवी होती. सभेपासून ३० दिवसांत ताळेबंदाचा एओसी-४ आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ए. सभा झालीच नाही तरी मुदत शेवटच्या कायदेशीर तारखेपासूनच मोजतात. म्हणजे पहिल्याची मुदत ३० जानेवारी २०२५ ला संपली, दुसऱ्याची १ मार्च २०२५ ला. त्यानंतर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. याला कमाल मर्यादा नाही. समजा, तुम्ही हे दोन्ही ३० जुलै २०२६ ला भरले, तर एकाचे ५४,६०० आणि दुसऱ्याचे ५१,६००. मिळून १,०६,२०० रुपये. तुमच्या भांडवलापेक्षा जास्त! मूळ फी मात्र फॉर्ममागे दोन-तीनशे रुपये होती.

हे फक्त पहिल्या वर्षाचं. दुसऱ्या वर्षाचंही भरावं लागणार का, हे ठरतं तुम्ही सहज लिहून गेलेल्या "मार्च-एप्रिलपर्यंत" या शब्दांवर.

बंद करण्याच्या नियमात दोन गोष्टी आहेत. एक, अर्ज करण्याआधीच्या सलग दोन पूर्ण आर्थिक वर्षांत कंपनीनं काहीही कारभार केलेला नसावा. दोन, कारभार ज्या आर्थिक वर्षात थांबला त्या वर्षअखेरपर्यंतचे थकलेले एओसी-४ आणि एमजीटी-७ए आधी भरलेले हवेत, त्यापुढच्यांची अर्जासाठी अट नाही. आता तुमचं शेवटचं बिल २८ मार्च २०२४ चं असेल, तर कारभार २०२३-२४ मध्ये थांबला. २०२४-२५ आणि २०२५-२६ ही दोन वर्षं कोरी गेली. म्हणजे फक्त एका वर्षाचे दोन फॉर्म भरून तुम्ही आज अर्ज करू शकता. पण शेवटचं बिल ६ एप्रिल २०२४ चं असेल, तर कारभार २०२४-२५ मध्ये चालू होता. मग दोन वर्षांचे चार फॉर्म भरावे लागतील आणि अर्ज १ एप्रिल २०२७ च्या आधी करता येणार नाही. नऊ दिवसांच्या फरकानं सगळं गणित फिरतं.

तेव्हा कुणालाही फोन करण्याआधी बँकेचं स्टेटमेंट काढा आणि बिलबुक शोधा. स्टेटमेंटमध्ये १ एप्रिल २०२४ पासून फक्त बँकेचे स्वतःचे चार्जेस दिसत असतील तर चिंता नाही. मार्चमध्ये दिलेल्या मालाचे पैसे दुकानदारानं एप्रिलमध्ये पाठवले असतील तर ती जुनी वसुली आहे, तो नवा कारभार नव्हे, असं माझं मत. मात्र बिल आणि माल पोचल्याची पावती मार्चचीच आहे हे दाखवता आलं पाहिजे आणि तुमच्या सीएला ते पटलं पाहिजे. मे महिन्यात कंपनीच्या खात्यातून पाकिटं छापणाऱ्याला पैसे दिलेत आणि नवी पाकिटं घेतलीत, तर प्रकरण वेगळं. इथे तारखा "जमवून" घ्यायचा सल्ला कुणी दिला तर दार दाखवा. मागच्या तारखेचं ऑडिट ही थाप आहे. आता सीएच्या प्रत्येक अहवालावर यूडीआयएन नावाचा क्रमांक पडतो आणि तो कधी काढला याची नोंद त्यांच्या संस्थेच्या पोर्टलवर राहते.

आणखी एक घाई आहे. एका वर्षाचे फॉर्म भरून सुटण्याची सोय तुम्ही स्वतःहून गेलात तरच मिळते. निबंधकांनी त्यांच्याकडून नाव कमी करण्याची कारवाई सुरू केली, म्हणजे एसटीके-१ ची नोटीस निघाली, की सगळे थकलेले फॉर्म भरल्याशिवाय तुमचा अर्ज घेत नाहीत. काही जण म्हणतात, निबंधक काढतायत तर काढू देत, फुकटात सुटलो. २०१७ साली असे सव्वादोन लाखांच्या आसपास कंपन्यांची नावं गेली, आणि त्याच मोहिमेत तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. त्यातले कित्येक जण कोर्टांत फेऱ्या मारत बसले. त्यामुळे कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि ईमेलवर काही आलंय का ते आजच बघा. बऱ्याचदा तो ईमेल एजंटाचाच असतो!

तसंच तुमची डिजिटल सही. कंपनी काढताना पेन ड्राइव्हसारखं एक टोकन बनतं, तुम्हा तिघांची तीन. ती कुठे आहेत? माझा अंदाज, तुमच्या पहिल्या एजंटाच्या ड्रॉवरमध्ये, रबर बँड लावून, वर कंपनीचं नाव लिहिलेली चिठ्ठी. पासवर्डही त्याच्याकडेच. कोऱ्या चेकवर सही करून चेकबुक त्याच्याकडे ठेवावं इतकं हे गंभीर आहे, पण आपल्याकडे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. टोकन परत मागा. मुदत संपली असणारच, तेव्हा नवी सही काढताना मोबाइल आणि ईमेल स्वतःचा द्या, टोकन घरी आणा.

मग आयएनसी-२०ए. नोंदणीपासून १८० दिवसांत, भागधारकांनी आपापले पैसे खात्यात भरले असं सांगणारा हा फॉर्म भरायचा असतो आणि तो भरल्याशिवाय कंपनीला धंदा सुरूच करता येत नाही. तुम्ही एक लाख भांडवल लिहिलंत, पण तिघांनी तेहतीस-चौतीस हजार खरोखर कंपनीच्या खात्यात टाकले होते का? पुष्कळ ठिकाणी हे पैसे फक्त कागदावर असतात. टाकले असतील आणि फॉर्म राहिला असेल तर उशिराची फी मूळ फीच्या जास्तीत जास्त बारापट, म्हणजे काही हजारांत भागतं. मात्र कायद्यात या चुकीसाठी वेगळा दंडही आहे आणि तो संचालकांनाही लागतो, छोट्या कंपनीला निम्मा. टाकलेच नसतील तर हे सीएसला पहिल्याच भेटीत सांगा. लपवून त्याच्याकडून चुकीचा फॉर्म भरून घेऊ नका.

पुण्याच्या मित्राला सांगा, राजीनाम्यानं काही धुऊन निघत नाही. तो संचालक असताना जे चुकलं त्याची जबाबदारी राजीनाम्यानंतरही त्याच्यावर राहते. शिवाय बंद करण्याच्या कागदांवर त्याचीही सही हवी आहे, तो आता बाहेर पडला तर तुम्हालाच अडचण. त्याला खरी भीती असायला हवी ती सलग तीन वर्षांची. सलग तीन आर्थिक वर्षांचे ताळेबंद किंवा विवरणपत्रं भरली नाहीत तर त्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात आणि इतर कंपन्यांमधलं त्यांचं पदही जातं. तुमचं तिसरं वर्ष २०२५-२६, त्याची सभा ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत आणि फॉर्म ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे अजून वेळ आहे. २०२३-२४ चे दोन फॉर्म भरले की सलग तीनची साखळी तुटते. तोवर स्टार्टअपच्या सीएसला त्यानं खरं सांगावं. ती माहिती केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कुणालाही दिसते: कंपनीचं नाव टाका, "शेवटच्या ताळेबंदाची तारीख" या रकान्यापुढे तुमच्याकडे रेघ असेल. सीएसनं बहुधा तेवढंच बघून विचारलं असावं. त्याच्या डिनची (संचालक ओळख क्रमांकाची) केवायसी राहून तो निष्क्रिय झाला असेल तर ५,००० रुपये भरून पुन्हा सुरू होतो.

बाकीच्या खात्यांचं थोडक्यात. महाराष्ट्रात कंपनी नोंदताना व्यवसाय कराचे नंबर आपोआप मिळतात. तुम्हाला कुणी सांगितलंही नसेल, पण कंपनीच्या नावावर वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर उभा राहतोय, वर व्याज. तो भरून नोंदणी रद्द करा. पीएफ आणि ईएसआयसीचे कोडही सोबत आले असतील. पीएफला वीस आणि ईएसआयसीला दहा माणसांची मर्यादा आहे, तुम्ही तिथवर गेलाच नाहीत, त्यामुळे तिथे भरणा थकलेला नाही. जीएसटी नंबर काढला होता का, ते पत्रात नाही. पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे, पण राज्यातल्या राज्यात ४० लाखांच्या आत विक्री असेल तर नंबर लागत नव्हता. तरी एजंट "सोबत करून देतो" म्हणत काढतातच. काढला असेल तर सहा महिने विवरणपत्रं न आल्यामुळे खात्यानं रद्द केला असण्याची शक्यता मोठी. मग जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र बाकी असेल. आयकराचं २०२३-२४ चं साधं विवरणपत्र भरायची मुदत गेलीय. त्या वर्षी कर देण्याइतका नफा झाला असेल तर अद्ययावत विवरणपत्र भरता येतं.

आता हे सगळं कुणाकडून करून घ्यायचं? प्रॅक्टिस करणारा सीएस किंवा सीए, ज्याच्या लेटरहेडवर सभासद क्रमांक आहे. कराड-साताऱ्यात मिळतात, तुमचं निबंधक कार्यालय पुण्याचं आहे पण तिथे जावं लागत नाही. बंद करण्याचे अर्ज १ मे २०२३ पासून हरियाणातल्या मानेसरच्या सी-पेस केंद्रात तपासले जातात. अंदाजपत्रक मागताना सरकारी फी आणि त्याची स्वतःची फी वेगवेगळ्या ओळींत मागा, आणि प्रत्येक फॉर्मचं चलन घ्या. लाखभर दंड भरण्याआधी त्याला एक गोष्ट तपासायला लावा: मंत्रालयाची उशिराच्या फीवर सवलत देणारी योजना सध्या चालू आहे का. अशा योजना अधूनमधून येतात. २०१४ मध्ये आली होती, २०२० मध्ये तर उशिराची फी पूर्ण माफ होती. ती चालू असेल तर तुमचा लाखाचा आकडा बराच खाली येऊ शकतो, म्हणून ही चौकशी पहिल्या दिवशीच.

अर्जाआधी कंपनीची देणीघेणी शून्य करावी लागतात आणि बँक खातं बंद केल्याचं पत्र लागतं. तुम्ही तिघांनी खिशातून घातलेले पैसे पुस्तकात "संचालकांचं कर्ज" म्हणून पडले असतील. ते कसे मिटवायचे यावर तिघं आत्ताच एका जागी बसून बोला. मैत्री बहुतेक ठिकाणी दंडावरून तुटत नाही, ती या रकान्यावरून तुटते. आणि दंडाची वाटणी? शेअर्सच्या प्रमाणात, असं मी म्हणेन. पोल्ट्रीवाला मित्र "मी तर नावालाच होतो" म्हणेल, पण कायद्यात नावापुरता संचालक नसतो.

शेवटचा प्रश्न, या हंगामात गूळ विकण्याचा. थांबू नका, विका. पण कंपनीच्या नावानं एकही बिल फाडू नका आणि कंपनीच्या खात्यात गुळाचा एक रुपयाही येऊ देऊ नका, नाहीतर दोन कोऱ्या वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. स्वतःच्या नावानं एकल मालकीची फर्म सुरू करा. उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, त्यासाठी कुणाला हजार रुपये देऊ नका. अन्नसुरक्षेची नोंदणी तुमच्या नावानं नवी काढा, लहान उत्पादकाला वर्षाला शंभर रुपये फी आहे. चालू खातं फर्मच्या नावानं वेगळं उघडा. दोन-तीन लाखांच्या धंद्याला एवढं पुरतं. दुकानदार गुळाचा रंग, दर आणि वेळेवर येणारा माल बघतात. बिलाच्या डोक्यावर "प्रायव्हेट लिमिटेड" आहे म्हणून कुणी माल उचलल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आणि जुनी छापलेली पाकिटं घरात पडून असतील, त्यावर स्टिकर मारून भागवू असा विचार मनात येईल. तसं करू नका. त्यांच्यावर कंपनीचं नाव, पत्ता आणि अन्नसुरक्षेचा तिचा चौदा आकडी नंबर आहे. नव्या पाकिटावर तुमचा नंबर, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि तक्रारीसाठी फोन छापून घ्या, पहिल्या खेपेला पाचशेच छापा.